तारेचं विमान, बिनतारी बटण

एरंडेल जळताना येणारा वास गोडसर असतो, जड असतो, आणि कितीही धुतलं तरी कपड्यांतून जाता जात नाही. लहानपणी नाक दाबून ज्यांनी एरंडेल गिळलं आहे त्यांना माझं म्हणणं पटणार नाही, पण त्याच्याइतका उत्साही वास मी दुसरा घेतलेला नाही. त्यात ईथरची डोक्यात चढणारी थंड झुळूक मिसळलेली असायची, खाली रॉकेलचा ओळखीचा घरगुती दर्प असायचा, आणि वर अकोल्याच्या डिसेंबरातलं कोवळं ऊन. मोर्णा नदीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर धुकं विरत असताना कुठल्यातरी चिमुकल्या इंजिनानं पहिली किंकाळी फोडली, की बाभळींवरच्या साळुंक्या एकदम उठत, जिनिंगच्या आवारातून उडून आलेले कापसाचे तंतू उन्हात तरंगत राहत, आणि माझा जीव धास्तावे. वास उत्साहाचा आणि जिवाला धास्ती, हे एकाच वेळी कसं, असं तुम्ही विचाराल. ज्या बाईचा नवरा त्या वर्तुळाच्या मध्यभागी उभा आहे तिला विचारा.

आता तुम्हाला हा खेळ समजावून सांगायला हवा, कारण आज तो कुणाच्या आठवणीत नाही. हलक्या लाकडाचं, पातळ कागदानं मढवलेलं, दोन हात पंखांचं विमान. त्याच्या नाकाशी खरं इंजिन, मुठीत मावेल एवढं, एरंडेल, ईथर आणि रॉकेलच्या मिश्रणावर चालणारं. पंखाच्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा बाहेर निघतात आणि लांबवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या लाकडी मुठीला येऊन मिळतात. विमान त्या माणसाभोवती गोल गोल उडतं. मूठ वर कलली की शेपटीची फळी हलते आणि विमान चढतं, खाली कलली की उतरतं, आणि उडवणारा स्वतः त्याच्याबरोबर जागच्या जागी भिंगरीसारखा फिरत राहतो. पतंग उडवणाऱ्याला ढील देता येते, इथे ढील म्हणजे घात. तार ताठ आहे तोवर विमान तुमचं. ती सैल पडली की ते कुणाचंच नाही, क्षणभरात मातीत. पृथ्वीशी बांधलेलं उड्डाण, असं कुणी हिणवलंही असतं. पण मला सांगा, कशाशीही न बांधलेलं उड्डाण तरी आपण कधी पाहिलं आहे? घारसुद्धा सांजवेळी त्याच झाडावर परतते.

गतीच्या स्पर्धेत तिसरी तार असे. विमान आधी भरधाव उडवायचं, मग इंजिनाचा जोर कमी करून तेच विमान जेवढं संथ फिरवता येईल तेवढं फिरवायचं, आणि शेवटी हळुवार टेकवायचं. वेगवान आणि संथ फेऱ्यांतला फरक जितका मोठा, तितके गुण जास्त. जोर कमी-जास्त करण्यासाठी ती तिसरी तार, आणि ती ओढायला मुठीवर एक छोटा घोडा, बंदुकीला असतो तसा. तो ओढायचा तर्जनीनं. सगळ्या हाताची पकड विमानावर, आणि त्या एका बोटाची इंजिनावर. एवढ्याशा बोटावर केवढा भार असतो हे ते बोट गेल्याशिवाय कळत नाही.

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, पण लिहिताना अडतं, म्हणून घेते. सुखदेव. मूळचे तिवस्याचे, अमरावतीला बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर. बोलणं मोजकं, हात मात्र अखंड बोलके. घरात काही ना काही घासत, तासत, चिकटवत बसलेले असायचे. त्यांनी केलेल्या विमानाच्या पंखावरून बोट फिरवलं तर कुठे जोड आहे ते कळत नसे. अमरावतीच्या विमान उडवणाऱ्या मंडळात ते सर्वांत पटाईत, आणि अकोल्याच्या मंडळात गोविंदराव. दरवर्षी हिवाळ्यात दोन्ही मंडळं एकमेकांच्या गावी जात आणि या दोघांत जुंपे. गोविंदरावांचं घराणं फुलांचं. मोर्णेकाठी शेवंती आणि झेंडूचे मळे, बाजारात गाळा. स्पर्धेच्या दिवशीसुद्धा पहाटे फुलांच्या पाट्या पोचवून मगच ते मैदानावर येत. उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. त्यांनी कुणाची स्तुती केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मग ते बोट गेलं. गेलं म्हणजे तुटलं नाही, ते तुटलं असतं तर कदाचित आमची समजूत लवकर पटली असती. इंजिन सुरू करताना विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्याला बोटानं झटका द्यावा लागतो. एका रविवारी इंजिन उलटं भडकलं आणि पातं तर्जनीच्या मुळाशी बसलं. जखम भरली, टाके निघाले, पण आतली शीर तुटली होती ती तुटलीच. बोट वाकेना. पेन्सिल ते अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरायला शिकले, कचेरीत भागलं, जेवताना भागलं, मुठीवरचा घोडा मात्र ओढता येईना. मधल्या बोटानं ओढून पाहिला, तर मुठीवरची पकड सुटे. डाव्या हातानं विमान उडवून पाहिलं, तर त्या हाताला चढ-उतार उमगेना आणि महिन्याभराची मेहनत डोळ्यांदेखत चुरा झाली. त्यानंतर त्यांनी विमानं कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि रविवारी घरी बसू लागले. चिडले नाहीत, कुरकुरले नाहीत. मी भाजी निवडायला बसले की माझ्या समोर बसून शेंगा सोलायचे. ते पाहून मला रडू यायचं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. माणूस घरात होता आणि घर रिकामं वाटत होतं.

रेडिओ दुरुस्त करणारे त्यांचे एक मित्र होते. त्यांच्या दुकानात बसता बसता कल्पना सुचली: इंजिनाचा जोर तारेनं न बदलता बिनतारी लहरीनं बदलला तर? विमान दोन तारांवरच उडेल, चढ-उतार हातानंच होईल. तिसऱ्या तारेचं काम तेवढं हवा करील. डाव्या हातात बटण, बस्स. रीतसर परवाना काढला, कारण त्या दिवसांत घरात संदेश पाठवणारं यंत्र सापडणं म्हणजे नसती बिलामत. आणि पावसाळाभर आमच्या घरात कथिलानं जोड झाळण्याचा धूर कोंडून राहिला. विमानात बसवायचं यंत्र हलकं हवं, म्हणून त्यात इंजिनाची कळ फिरवायला मोटर नव्हती, पिळलेलं रबर होतं. बटण दाबलं की आत एक अडसर सुटे, रबराचा पीळ थोडा उलगडे आणि कळ एक टप्पा फिरे: जोर कमी. पुन्हा दाबलं की पुन्हा एक टप्पा: जोर पूर्ण. घड्याळाला चावी द्यावी तसा त्या रबराला पीळ द्यायचा. घड्याळाची चावी संपली की घड्याळ थांबतं, तसंच याचं.

पहिल्या चाचणीची फजिती सांगितली तर ते रागावतील, पण सांगते. संदेश पाठवणारी पेटी जड, म्हणून ती पायाशी ठेवली आणि बटणाला हातभर वायर लावून ते हातात घेतलं. घरी गच्चीवर सगळं झकास चाललं होतं. मैदानावर विमान उडालं आणि महाशय फिरू लागले, तशी ती वायर पायांभोवती गुंडाळत गेली. आपण उडवताना फिरतो, ही गोष्ट इतक्या वर्षांच्या उडवणाऱ्याच्या ध्यानातच आली नव्हती! ते आडवे झाले, विमानही झालं. मग मी जुन्या सतरंजीचा पट्टा शिवून दिला आणि पेटी त्यांच्या गळ्यात अडकवली. भजनातल्या पेटीवाल्यासारखे दिसत होते, पण कित्येक महिन्यांनी त्यांचे डोळे हसताना मी पाहिले.

आणि आता, तुम्हाला ज्यासाठी एवढं सांगत बसले, त्या सकाळी आपण येऊन पोचलो. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडीनं आम्ही अकोल्याला उतरलो तेव्हा त्यांच्या हातात विमानाचं खोकं होतं, माझ्या हातात पेटी आणि डब्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी नि भाकर. वाटेत मूर्तिजापूरच्या पुढे त्यांनी एवढंच म्हटलं, “नाही मानलं त्यायनं, तर मी परत उडवाले येणार नाही. वर्षावर्षाले भीक कोन मागन?” मी पेटी मांडीवर ओढून घेतली. या माणसाचे उरलेले सगळे रविवार त्या मैदानावर ठरणार होते आणि ठरवणारे दुसरेच होते.

पेटी पाहताच मैदानावर कुजबुज सुरू झाली. बापूसाहेब हे परीक्षकांचे प्रमुख. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे पुण्याकडचे, वऱ्हाडी कानावर पडलं की अजूनही किंचित दचकणारे. त्यांनी पेटी उलटसुलट पाहिली आणि सौम्यपणे म्हणाले, “यंत्र उत्तम आहे, सुखदेवराव. पण हा तारेच्या विमानांचा खेळ आहे. आज इंजिन हवेवर सोपवलं, तर उद्या शेपूट का नाही?”

गोविंदरावांना सौम्यपणा ठाऊक नव्हता. “बापूसाहेब बराबर बोलून राह्यले. उद्या तुमी तारा नुसत्या देखाव्याले लावान, अन् इमान बटनावर उडवान. मंग आमी इथं काय भजे तळाले यायचं?”

लोक हसले. सुखदेव हसले नाहीत. “गोविंदराव, माह्यं बोट वाकत नाही,” ते म्हणाले.

“मले मालूम हाये. वाईट वाटते. पन बोटाचं दुखनं अलग अन् खेळाचा कायदा अलग.”

मला काय वाटलं ते सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आम्ही छप्पन साली धम्म घेतलेली माणसं. वर्तुळात पाय ठेवायला मिळावा म्हणून आमच्या वाडवडिलांनी काय काय ऐकलं होतं ते मला पाठ होतं, आणि कायदा हा शब्द आडवा आला की त्याच्या मागे दुसरं काही उभं आहे का, हे वाकून बघायची सवय अंगात मुरली होती. गोविंदरावांच्या चेहऱ्याकडे मी तशीच पाहत राहिले. तिथे काहीच सापडेना, आणि न सापडल्यानं भरवसाही वाटेना.

पण त्यांचं म्हणणं खोटं होतं का? रागाच्या भरातही हा प्रश्न मला टोचत होता. प्रत्येक खेळ म्हणजे आपण होऊन स्वीकारलेलं एक बंधन असतं. ते बंधन काढून टाकलं तर सोय होते, खेळ उरत नाही. स्वयंपाकघरात मी स्टोव्ह आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, उद्या भाकरही यंत्रच थापेल. मी हसले होते. त्यांची भीती मात्र हसण्यासारखी नव्हती. आपल्या हाताचं काम आपल्या हातातून कुठवर निसटू द्यायचं, ही ती भीती. गोविंदरावांची तीच होती. आणि माझ्या नवऱ्याच्या हातातून जे निसटून गेलं होतं ते परत आणणारी वस्तू नेमकी त्याच भीतीच्या वाटेवर उभी होती. दोघेही खरे असले की भांडण कसं मिटायचं?

बापूसाहेबांनी तोड काढली. आमच्याकडे एक रीत होती, दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. उड्डाणाआधी तारांची परीक्षा व्हायची, कारण तार तुटली तर ते विमान तोफगोळाच. दुसरीकडे म्हणे ताणकाटा लावून परीक्षकच पाहतात. आमच्याकडे हे काम प्रतिस्पर्ध्यानं करायचं. आपला माणूस हात राखून ओढतो, प्रतिस्पर्धी जीव खाऊन ओढतो, म्हणून. याला ताण घेणं म्हणत. उडवणारा मूठ धरून पाय रोवून उभा राही, प्रतिस्पर्धी विमान पोटाशी धरून मागे रेलत जाई, आणि तारा टिकल्या की तोच म्हणे, “सोडा.” त्याच्या तोंडून हा शब्द आल्याशिवाय विमान उडत नसे.

“आधी उडू दे,” बापूसाहेब म्हणाले. “गुण मांडून ठेवू. हे चालवायचं की नाही, आज आणि यापुढेही, ते उड्डाणानंतर ठरेल. आणि ठरवायचं ते ज्यानं ताण घेतला त्यानं. मान्य?”

म्हणजे गोविंदरावांनी! मी पुढे व्हायला पाऊल उचललं, पण सुखदेव तेवढ्यात बोलून गेले, “मले मंजूर हाये.” गोविंदरावांनी नुसती मान हलवली आणि बाह्या सारल्या.

तो ताण मी विसरणार नाही. सुखदेवांनी मूठ धरली. तीन बोटं आणि अंगठा आवळलेला, तर्जनी सरळ पुढे. तिकडून गोविंदरावांनी विमान कवटाळलं आणि मागे रेलले. तारा गुणगुणू लागल्या. ते आणखी रेलले, त्यांच्या टाचा मातीत रुतल्या, मानेच्या शिरा फुगल्या. सुखदेवांचा खांदा पुढे ओढला गेला पण पाय हलले नाहीत. दोन तारांच्या दोन टोकांना दोन माणसं. तारा टिकल्या.

“आता बटन दाबा,” गोविंदराव म्हणाले.

सुखदेवांनी बटण दाबलं. विमानात टक् झालं, कळ फिरली.

“पुन्यांदा.” टक्. “आनखीन एकडाव.” टक्. गोविंदराव विमानाच्या पोटाला कान लावून ऐकत होते, शेपूट निरखत होते. बटणाबरोबर शेपूट हलत नाही ना, चढ-उतार चोरून हवेवर टाकलेला नाही ना, ही त्यांची शंका. पंख उलटा करून दाबायला लावलं, नाक वर करून दाबायला लावलं, शेपटीवर बोट ठेवून कितीतरी वेळा दाबायला लावलं. संशयी माणूस आणि प्रामाणिक माणूस, दोघेही सारखेच चिवट असतात. शेवटी त्यांनी विमान जमिनीवर ठेवलं. “हालत नाही,” ते म्हणाले. “सोडा.”

इंजिन भडकलं. विमान धरून ठेवायचं आणि इशारा होताच सोडायचं काम माझं. हातातलं ते थरथरतं, धडपडतं धूड मी सोडलं आणि मागे सरले. भरधाव फेऱ्या देखण्या झाल्या. रेडिओच्या वजनानं विमान नेहमीपेक्षा जड, पण सुखदेवांच्या हातात ते कमरेच्या उंचीवर आखल्यासारखं फिरत होतं. मग बापूसाहेबांनी निशाण खाली केलं: आता संथ.

मी सुखदेवांचा डावा अंगठा पाहिला. तो बटणावर दाबला गेला. इंजिनाचा सूर बदलला नाही.

पुन्हा दाबला. पुन्हा. विमान तसंच किंचाळत फिरत होतं. कुणीतरी “गेलं” म्हणालं. आणि त्याच वेळी, उन्हं चढली की अकोल्याला सुटतो तो वारा सुटला. वाऱ्यात तारेचं विमान उडवणं म्हणजे काय ते सांगते: एका बाजूला वारा विमानाला बाहेर ढकलतो, तारा ताणतात, दुसऱ्या बाजूला तोच वारा विमानाला आत, तुमच्या अंगावर लोटतो आणि तारा सैल पडू पाहतात. जड विमान, पूर्ण जोर, न ऐकणारं बटण, गळ्यातल्या पेटीचे हेलकावे. टाकीतलं तेल संपेपर्यंत या माणसाला फिरत राहायचं होतं, आणि तेल तर संथ फेऱ्यांच्या हिशेबानं काठोकाठ भरलेलं.

अशा वेळी तोंडात नवस येतो. लहानपणीची सवय; जीभ आपसूक वळली आणि तिथेच थांबली. नवस कुणाला बोलायचा? आमच्या घरात आता बुद्धाची तसबीर होती, आणि ते काही कबूल करून घेणारे नव्हेत. तेव्हा मी नुसती पाहत राहिले. इतकं निराधार, इतकं उघड्या डोळ्यांचं पाहणं मी आयुष्यात पुन्हा केलेलं नाही.

सुखदेवांनी बटण सोडून दिलं. ते पट्ट्याला लोंबकळू लागलं. डाव्या हातानं त्यांनी पेटी पोटाशी दाबून धरली आणि मग ते चालू लागले. तारा सैल पडायच्या बाजूला विमान आलं की दोन पावलं मागे, ते तिथून गेलं की पुन्हा मध्यावर. दर फेरीला, न चुकता. हाताचं काम पायांनी वाटून घेतलं होतं. दोनदा तारांना झोल पडलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि दोन्ही वेळा विमान जमिनीला लागण्याआधी तो त्यांच्या पावलांनी ओढून घेतला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चक्कर येत असणार. तरी विमान कमरेच्या उंचीवरून ढळलं नाही.

मग इंजिनानं एक उचकी दिली आणि ते बंद पडलं. त्या एकाएकी आलेल्या शांततेत फक्त तारांची सळसळ ऐकू येत होती. मेलेल्या इंजिनाचं जड विमान दगडासारखं पडतं. सुखदेवांनी दंड विमानाच्या पुढे नेला आणि सगळ्या अंगानं त्याला ओढून नेलं, उरलेली फेरी उसन्या वेगावर काढली, वाऱ्याची बाजू पार केली आणि पलीकडे, तारा ताठ राहतात त्या बाजूला, चाकं मातीला लावली. विमान घरंगळत गेलं आणि उभं राहिलं. त्याला ओरखडाही नव्हता. सुखदेव मात्र झोकांड्या खात त्याच्यापाशी गेले आणि खाली बसले.

मी पोचेपर्यंत त्यांनी विमानाचं पोट उघडलं होतं. आतलं रबर ढिलं लोंबत होतं, पीळ एक नाही. यंत्र बिघडलं नव्हतं. गोविंदरावांच्या परीक्षेत सगळा पीळ उलगडून गेला होता आणि उडवण्याआधी तो पुन्हा भरायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या ओठांवर आलंच होतं: यांच्या शंकेपायी झालं हे, फेरी पुन्हा द्या. मागितली असती तर बापूसाहेबांनी दिलीही असती. पण सुखदेव आधी बोलले. “रबराले पीळ द्याचा राहून गेला. ते माह्यं काम होतं. संथ फेऱ्या झाल्या नाहीत, गुण नका मांडू.” आणि ते तारा गुंडाळू लागले. डोळे तारांवर. मूर्तिजापूरच्या पुढे बोललेलं वाक्य त्यांना आठवत होतं आणि मलाही.

बापूसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. “म्हणजे प्रश्नच मिटला. जे यंत्र ऐन वेळी—”

“मिटला कसा?” गोविंदराव म्हणाले. “ताण कोनं घेतला?”

“आपण.”

“मंग शब्द मी द्याचा ना?” ते वर्तुळात आले आणि सुखदेवांसमोर उकिडवे बसले. ते लोंबतं रबर त्यांनी बोटानं ताणून पाहिलं. “मले भेव काय होतं सांगू का भाऊ? का तारा देखाव्याच्या होतीन, अन् इमान बटनावर चालन. म्हनून मी एवढं दाबून दाबून पाह्यलं. त्याच्यानं काई समजलं नाई. आता समजलं. बटन मेलं, तरी इमान मेलं नाई. ज्याच्यावर ते उडत होतं ते तारच होती.” मग मान वर करून बापूसाहेबांकडे पाहत म्हणाले, “हे तारेचंच इमान हाये. चालन. आमच्या अकोल्याच्या पोट्ट्यांनं बी लावलं तरी चालन. पन ताण घेताना बटन पाहाचं, अन् मंग पीळ भरूनच सोडाचं. हे कायद्यात घाला.”

सुखदेवांच्या हातातली तार थांबली.   त्यांनी विचारलं, “पुढच्या साली ताण कोन घेईन?”

“मी नाई त कोन घेईन? अन् तवा याच्याहून जोरानं ओढीन.”

त्या वर्षीचा करंडक अर्थात गोविंदरावांनी नेला. परतीच्या गाडीत आमच्याजवळ विमान होतं, पेटी होती, रिकामा डबा होता, आणि शून्य गुण. सुखदेव खिडकीशी बसून आतल्या यंत्राबद्दल बोलत होते: रबर किती लांब हवं, पीळ किती द्यावा, पेटी पाठीवर अडकवली तर हेलकावे कमी होतील का. बडनेरा येईपर्यंत ते बोलत होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मी ऐकत होते आणि मनाशी एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येऊन थबकत होते. विमान फिरत होतं तेव्हा माझ्या सगळ्या जिवाचं एकच मागणं होतं, की ते बटण चालावं. ते चाललं असतं तर काय झालं असतं? संथ फेऱ्या सुरेख झाल्या असत्या, टाळ्या पडल्या असत्या, गुण सर्वांत जास्त आले असते. आणि गोविंदरावांनी त्या सुरेख उड्डाणात आपली भीतीच खरी झालेली पाहिली असती, मान हलवली असती, आणि प्रामाणिकपणे नाही म्हटलं असतं. त्या दिवशीच्या टाळ्या आमच्या झाल्या असत्या आणि आम्ही कायमचे बाहेर पडलो असतो. बरं झालं, माझं मागणं ऐकायला कुणी नव्हतं.